औषधाच्या बातमीत विकराचे नावही यावे

माननीय संपादक महोदय,

सादर नमस्कार.

संप्रेरकांशी संबंधित एखादे नवे औषध बाजारात आले किंवा त्याच्या चाचणीचे निकाल जाहीर झाले, की वर्तमानपत्रांत येणारी बातमी बहुधा एकाच वाक्यावर उभी असते: हे औषध शरीरातील अमुक हार्मोनचे प्रमाण कमी करते. वाक्य चुकीचे नसते, पण ते जिथे संपते तिथूनच वाचकाच्या उपयोगाची माहिती सुरू होते. हे प्रमाण कशामुळे कमी होते, त्यासाठी कोणते विकर, म्हणजे एन्झाइम, अडवले जाते, ते विकर एरवी आणखी कोणती कामे करत असते आणि ते अडल्यावर दुसऱ्या कोणत्या संप्रेरकाचा तोल जातो, यातले काहीच बातमीत येत नाही. स्टेरॉइड संप्रेरकांच्या बाबतीत ही उणीव फार जाणवते, कारण या औषधांचे गुण आणि त्यांचे धोके, दोन्ही त्या विकरापाशीच ठरतात. जीवरसायनशास्त्र शिकवण्यात उमेद खर्ची घातलेल्या एका वाचकाचे हे म्हणणे थोडे लांबले असले, तरी आपण त्याला जागा द्यावी, अशी विनंती आहे.

कॉर्टिसॉल, अल्डोस्टेरॉन, प्रोजेस्टेरॉन, टेस्टोस्टेरॉन आणि इस्ट्रॅडिऑल ही सगळी स्टेरॉइड संप्रेरके कोलेस्टेरॉलपासून तयार होतात. कोलेस्टेरॉलच्या रेणूत २७ कार्बन अणू असतात. त्याची बाजूची साखळी तोडली गेली की २१ कार्बनांचे प्रेग्नेनोलोन उरते आणि पुढचे सारे फाटे तिथून फुटतात. कॉर्टिसॉल व अल्डोस्टेरॉन २१ कार्बनांचीच राहतात, टेस्टोस्टेरॉनमध्ये १९ उरतात, आणि त्यातला आणखी एक निघून गेला की १८ कार्बनांचे इस्ट्रॅडिऑल होते. पुरुषांचे म्हणून ओळखले जाणारे संप्रेरक आणि स्त्रियांचे म्हणून ओळखले जाणारे संप्रेरक यांच्यात केवळ एका विकराच्या कामाएवढे अंतर आहे. सक्रिय कॉर्टिसॉल आणि निष्क्रिय कॉर्टिसोन यांच्यात तर दोनच हायड्रोजन अणूंचा फरक आहे. रेणू एकमेकांशी इतके मिळतेजुळते असल्यामुळे एखाद्या अवयवाला प्रत्यक्षात कोणते संप्रेरक लाभते हे रक्तातल्या पातळीवर जितके अवलंबून असते, तितकेच त्या अवयवात कोणती विकरे आहेत यावरही असते. रक्ततपासणीच्या कागदावर ही दुसरी बाजू दिसत नाही.

औषध घडवणाऱ्याच्या दृष्टीने ही विकरे मुख्यतः दोन घराण्यांतली आहेत. पहिले घराणे सायटोक्रोम पी-४५० चे. यांच्या मध्यभागी हीम नावाचे कडे असते आणि त्यात लोहाचा अणू असतो; या लोहाशी कार्बन मोनॉक्साइड जोडला गेला की ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषला जातो, त्यावरून हे नाव पडले. दुसरे घराणे डिहायड्रोजिनेझ विकरांचे. ती एनएडी किंवा एनएडीपी या सहविकरांच्या, म्हणजे विकराला साथ देणाऱ्या छोट्या रेणूंच्या, मदतीने हायड्रोजन देतात किंवा काढून घेतात. पहिल्या घराण्यातले विकर अडवण्याची एक सोपी युक्ती रसायनशास्त्रज्ञांना फार पूर्वी सापडली. नायट्रोजन अणू असलेले एखादे कडे योग्य जागी बसवलेला रेणू तयार केला, की तो नायट्रोजन थेट हीममधल्या लोहाला जाऊन चिकटतो आणि विकराचे काम थांबते. लेट्रोझोल, ॲबिराटेरोन, मेटायरापोन, बुरशीवरचे किटोकोनॅझोल या सर्वांमागे हीच युक्ती आहे. अडचण अशी की माणसाच्या शरीरात पी-४५० ची ५७ जनुके आहेत आणि लोह त्या प्रत्येकात आहे. रेणूने कोणत्या लोहाला चिकटायचे आणि कोणत्या टाळायचे, हे ठरते त्याच्या उरलेल्या आकारावरून. खरे कसब तिथे लागते.

हे कसब कमी पडले, किंवा त्याचा विचारच झाला नाही, तर काय होते याचे उदाहरण इटोमिडेट या भुलीच्या औषधाचे आहे. झोप पटकन लागते आणि रक्तदाब फारसा ढळत नाही, म्हणून हे औषध अतिदक्षता विभागांतील रुग्णांना गुंगीत ठेवण्यासाठी तासन् तास दिले जाऊ लागले. १९८३ मध्ये असे लक्षात आणून देण्यात आले की जबर जखमी झालेल्या ज्या रुग्णांना ते सतत दिले गेले, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण वाढले होते. इटोमिडेटमधला नायट्रोजन मूत्रपिंडांवर असलेल्या अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथीतील ११-बीटा-हायड्रॉक्सिलेझ या विकराच्या लोहाला पकडत होता आणि शरीराला कॉर्टिसॉलची सर्वांत अधिक गरज असते नेमक्या त्या वेळी ते तयार होणे थांबत होते. आज हे औषध भूल देताना एका मात्रेपुरतेच वापरतात. कॉर्टिसॉल बेसुमार वाढलेल्या आणि तोंडाने गोळी घेऊ न शकणाऱ्या रुग्णाला तेच औषध अगदी कमी मात्रेत मुद्दाम दिले जाते, हेही इथे सांगायला हवे.

स्तनाच्या कर्करोगावरील औषधांची वाटही अशाच एका आडवळणाने निघाली. ॲमिनोग्लुटेथिमाइड हे औषध मुळात अपस्मारावर दिले जात होते. त्याने अधिवृक्क ग्रंथीचे काम मंदावते असे दिसल्यावर १९६६ मध्ये ते मागे घेण्यात आले. पुढे त्याच दोषाचा उपयोग करून ते कर्करोगासाठी वापरले गेले, पण ते इस्ट्रोजेन (इस्ट्रॅडिऑल ज्यात मोडते तो, स्तनाच्या अनेक कर्करोगांना वाढायला मदत करणारा संप्रेरकांचा गट) तयार करणाऱ्या ॲरोमॅटेझ विकराबरोबरच स्टेरॉइडनिर्मितीची पहिली पायरीही अडवत असल्याने रुग्णाला सोबत हायड्रोकॉर्टिसोन द्यावे लागे. फक्त ॲरोमॅटेझच अडवायचे, हा ध्यास संशोधक अँजेला ब्रोडी यांनी घेतला आणि त्यातून फॉर्मेस्टेन हे औषध आले. त्यानंतर अमेरिकेत १९९५ मध्ये ॲनास्ट्रोझोल, १९९७ मध्ये लेट्रोझोल आणि १९९९ मध्ये एक्झेमेस्टेन यांना मान्यता मिळाली. यातील पहिली दोन लोहाला चिकटतात आणि सुटूही शकतात; एक्झेमेस्टेनचा रेणू मात्र स्वतः स्टेरॉइडसारखा असल्याने विकर त्याला आपला नेहमीचा कच्चा माल समजून त्याच्यावर काम सुरू करते आणि त्यातच कायमचे निकामी होते.

विकराची रचना पाहून औषध घडवले, असे आपण हल्ली वारंवार वाचतो. ॲरोमॅटेझच्या बाबतीत क्रम उलटा होता. देबाशिष घोष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी वारेतून (प्लासेंटातून) हे विकर शुद्ध स्वरूपात मिळवून त्याची स्फटिकरचना, म्हणजे त्यातल्या अणूंची मांडणी, २.९ अँगस्ट्रॉम इतक्या बारकाव्याने प्रसिद्ध केली ती २००९ मध्ये, म्हणजे तिन्ही औषधे रुग्णांपर्यंत पोहोचून दहा वर्षे झाल्यावर. त्या रचनेमुळे ही औषधे का चालतात हे समजले आणि पुढचे रेणू आखायला आधार मिळाला. मात्र आधीच्या यशाचे श्रेय चिकाटीने रेणू बनवून पाहणाऱ्यांना आणि प्राण्यांवर व रुग्णांवर ते काळजीपूर्वक तपासणाऱ्यांनाच द्यावे लागेल.

या औषधांबद्दलच्या बातम्यांत एक गोष्ट हमखास सुटते. ॲरोमॅटेझ अडवणारी गोळी एकटी पुरेशी ठरते ती रजोनिवृत्तीनंतर, कारण त्या वयात इस्ट्रोजेन बीजांडकोशात नव्हे, तर चरबीसारख्या ऊतींमध्ये अधिवृक्क ग्रंथीकडून आलेल्या कच्च्या मालापासून बनते. ज्या स्त्रीचे बीजांडकोश अजून काम करत आहेत, तिच्या शरीरात इस्ट्रोजेन कमी झाल्याची खबर मेंदूपर्यंत जाते, तिथून बीजांडकोशांना अधिक जोराने चेतना दिली जाते आणि औषधाचा हेतू फसतो. अशा स्त्रीला ही गोळी द्यायची तर बीजांडकोशांचे काम थांबवणारा दुसरा उपचार सोबत लागतो. नेमक्या याच उलट्या प्रतिसादाचा फायदा घेऊन लेट्रोझोल वंध्यत्वाच्या उपचारात स्त्रीबीज बाहेर पडावे म्हणून काही दिवसांपुरते दिले जाते. औषध एकच, विकर एकच, परंतु दोन स्त्रियांमध्ये परिणाम परस्परविरोधी. ‘हार्मोन कमी करणारी गोळी’ एवढेच वाचलेल्या व्यक्तीला हे कळणार कसे?

५-अल्फा-रिडक्टेझ या विकराची कथा तर निसर्गानेच करून दाखवलेल्या प्रयोगातून सुरू झाली. डॉमिनिकन प्रजासत्ताकातील काही कुटुंबांत जन्मतः मुली समजून वाढवलेली मुले वयात येताना पुरुषी दिसू लागत. ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिन्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले की या मुलांमध्ये टेस्टोस्टेरॉनपासून डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन बनवणारे विकर जवळजवळ कामच करत नव्हते. गर्भात बाह्य पुरुषी जननेंद्रिये घडण्यासाठी हे दुसरे संप्रेरक लागते. वयात येताना होणारे स्नायूंचे व आवाजाचे बदल मात्र टेस्टोस्टेरॉन बऱ्याच अंशी स्वतः घडवते. या व्यक्ती मोठ्या झाल्या तरी त्यांची प्रोस्टेट ग्रंथी लहानच राहत होती आणि त्यांना पुरुषी टक्कल पडत नव्हते. हे विकर अडवले तर काय साधेल याचा याहून स्पष्ट पुरावा कोणत्या प्रयोगशाळेने दिला असता? फिनास्टेराइडला १९९२ मध्ये वाढलेल्या प्रोस्टेटसाठी ५ मिलिग्रॅमच्या मात्रेत आणि १९९७ मध्ये टक्कल रोखण्यासाठी १ मिलिग्रॅमच्या मात्रेत मान्यता मिळाली ती या पायावर.

फिनास्टेराइडच्या रेणूचे वागणे मोठे मनोरंजक आहे. विकर त्याला टेस्टोस्टेरॉन समजते, सहविकराकडचा हायड्रोजन त्याला देऊ करते, आणि या देवघेवीत औषध व सहविकर एकमेकांना घट्ट जोडले जाऊन विकराच्या पोटातच अडकून राहतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या रचनेत ही जोडगोळी प्रत्यक्ष पाहता आली. या विकराचे दोन मुख्य प्रकार आहेत. फिनास्टेराइड प्रामुख्याने दुसऱ्या प्रकाराला अडवते, तर २००१ मध्ये आलेले ड्युटास्टेराइड दोन्हींना, आणि त्याचा अंश शरीरात काही महिने टिकतो. म्हणूनच ते थांबवल्यावरही सहा महिने रक्तदान करू नये असा नियम आहे, कारण ते रक्त गर्भवतीला दिले गेले आणि पोटातला गर्भ मुलाचा असला, तर त्या कुटुंबांतील मुलांसारखीच स्थिती त्याच्यात औषधाने निर्माण होऊ शकते. गर्भवतीने फिनास्टेराइडच्या फुटलेल्या गोळीला हात लावू नये, या सूचनेचे कारणही तेच. आणखी एक गोष्ट डॉक्टरांना ठाऊक असते, रुग्णाला क्वचितच: या औषधांमुळे प्रोस्टेटच्या पीएसए या रक्ततपासणीचा आकडा काही महिन्यांत सुमारे निम्म्यावर येतो. केसांसाठी गोळी घेणाऱ्या पुरुषाने तपासणीच्या वेळी ते सांगितले नाही, तर वाढलेला आकडाही सामान्य वाटू शकतो.

प्रोस्टेटच्या कर्करोगाकडे वळताना चार्ल्स हगिन्स यांचे नाव घ्यावेच लागते. वृषणांतून येणारे संप्रेरक बंद केले की हा कर्करोग माघार घेतो, हे त्यांनी १९४१ मध्ये दाखवले आणि १९६६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण ही माघार कायमची नसते. वृषणांचे काम थांबल्यावरही अधिवृक्क ग्रंथी, आणि पुढे गाठीतल्या पेशी स्वतःसुद्धा, पुरुषी संप्रेरके बनवत राहतात. या सर्व ठिकाणांना सामाईक असलेले विकर म्हणजे सीवायपी-१७ए१ (सीवायपी हे सायटोक्रोम पी-४५० चे लघुरूप). लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ कॅन्सर रिसर्चमध्ये त्यासाठी ॲबिराटेरोन तयार झाले आणि अमेरिकेत त्याला २०११ मध्ये मान्यता मिळाली. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या स्फटिकरचनेत दिसले की हा रेणू हीमच्या प्रतलाशी सुमारे ६० अंशांचा कोन करून उभा राहतो आणि त्याचा नायट्रोजन लोहाला धरून ठेवतो. इतर पी-४५० विकरांत स्टेरॉइडे ज्या रीतीने बसलेली दिसली होती, त्याहून ही मांडणी वेगळी होती.

या विकराची खोच अशी की ते एकटे दोन कामे करते. आधी ते स्टेरॉइडच्या १७ व्या कार्बनवर ऑक्सिजन बसवते, आणि ही पायरी कॉर्टिसॉलसाठीही लागते. मग १७ व २० या कार्बनांमधला बंध तोडून ते पुरुषी संप्रेरकांचा मार्ग मोकळा करते. ॲबिराटेरोन दोन्ही कामे थांबवते. कॉर्टिसॉल घटले की मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका (पिट्युटरी) ग्रंथी अधिवृक्क ग्रंथीला चेतवणारे एसीटीएच अधिक प्रमाणात सोडते, आणि पुढची वाट बंद असल्यामुळे सगळा लोंढा मीठ व पाणी धरून ठेवणाऱ्या स्टेरॉइडांकडे वळतो. रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरते, पायांवर सूज येते. ॲबिराटेरोनबरोबर रोज प्रेडनिसोन किंवा प्रेडनिसोलोनची छोटी मात्रा देतात ती यासाठी. ती कर्करोगाच्या औषधाला लावलेले शेपूट नव्हे, उपचाराचाच अर्धा भाग आहे. स्टेरॉइड वाईट असते, असे कुठेतरी वाचून घरचे लोक ही छोटी गोळी परस्पर बंद करण्याचा धोका इथे फार मोठा आहे, आणि त्या भीतीत आरोग्यविषयक लिखाणाचाही वाटा असतो, असे मला स्पष्टपणे म्हणावेसे वाटते. ॲबिराटेरोनची नेहमीची गोळी रिकाम्या पोटीच घ्यायची असते, कारण चरबीयुक्त जेवणाबरोबर घेतल्यास रक्तात उतरणारे औषध दहापटींपर्यंत वाढू शकते. एवढा मोठा फरक फार थोड्या गोळ्यांच्या बाबतीत पडतो.

दोन कामांपैकी दुसरेच अडवता आले तर प्रेडनिसोनची गरज उरणार नाही, असा विचार साहजिक होता आणि त्या दिशेने प्रयत्नही झाले. ऑर्टेरोनेल हे त्यातले सर्वांत पुढे गेलेले औषध. मोठ्या चाचण्यांत त्याने रुग्णांचे एकूण आयुष्य वाढलेले दिसले नाही आणि २०१४ मध्ये त्याचा विकास थांबवण्यात आला. या अपयशाची बातमी यशाच्या बातमीइतक्या ठळकपणे कुठे आली नाही.

याहून अवघड जोडी अधिवृक्क ग्रंथीतच आहे. कॉर्टिसॉलची शेवटची पायरी सीवायपी-११बी१ (वर आलेले ११-बीटा-हायड्रॉक्सिलेझ) करते आणि मीठ व पाणी धरून ठेवणाऱ्या अल्डोस्टेरॉनच्या शेवटच्या पायऱ्या सीवायपी-११बी२ करते, आणि या दोन विकरांची रचना ९३ टक्के सारखी आहे. रक्तदाबासाठी अल्डोस्टेरॉन कमी करायचे पण कॉर्टिसॉलला धक्का लावायचा नाही, हे म्हणजे हुबेहूब दिसणाऱ्या जुळ्या भावांपैकी एकालाच गर्दीत गाठण्यासारखे आहे. पहिल्या गाजलेल्या प्रयत्नात हे जमले नाही. अल्डोस्टेरॉन कमी करण्यासाठी पुढे आणलेला एक रेणू कॉर्टिसॉललाही अडवत होता. मग त्याचे लक्ष्यच बदलण्यात आले आणि कॉर्टिसॉल वाढलेल्या कुशिंग रोगावरचे ओसिलोड्रोस्टॅट म्हणून २०२० मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. त्यानंतर आलेल्या बॅक्सड्रोस्टॅटने मात्र कॉर्टिसॉल फारसे न हलवता अल्डोस्टेरॉन उतरवल्याचे चाचण्यांत दिसले. त्याच्या २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत औषधांना दाद न देणारा उच्च रक्तदाब असलेल्या रुग्णांचा वरचा रक्तदाब सर्वांत मोठ्या मात्रेने सरासरी २०.३ मिलिमीटरने उतरला. हा आकडा मथळ्यात शोभून दिसतो. परंतु त्याच चाचणीत औषधाचा अंश नसलेली गोळी घेणाऱ्यांचा रक्तदाबही ९.४ मिलिमीटरने उतरला होता, तेव्हा औषधाचे खरे श्रेय सुमारे ११ मिलिमीटरचे आहे. तेही थोडे नाही, पण वाचकाला दोन्ही आकडे मिळायला हवेत. अल्डोस्टेरॉन घटल्यावर रक्तातील पोटॅशियम चढू शकते, हेही त्याच वाक्यात यावे.

आता दुसऱ्या घराण्याकडे येतो, आणि माझ्या मते वाचकाच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी भाग हाच आहे. ११-बीटा-हायड्रॉक्सिस्टेरॉइड डिहायड्रोजिनेझ हे लांबलचक नाव असलेल्या विकराचे दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार मुख्यतः यकृतात आणि मेदपेशींत असतो व निष्क्रिय कॉर्टिसोनचे सक्रिय कॉर्टिसॉल करतो. दुसरा प्रकार मूत्रपिंडात व वारेत असतो आणि बरोबर उलटे काम करतो. मूत्रपिंडात त्याची गरज का पडते हे कोडे १९८८ मध्ये सुटले. अल्डोस्टेरॉनसाठी म्हणून जो ग्राही, म्हणजे संप्रेरकाचा संदेश घेणारे प्रथिन, तिथे असतो, त्याला कॉर्टिसॉलही तितक्याच ओढीने चिकटते, आणि रक्तात कॉर्टिसॉल अल्डोस्टेरॉनच्या शेकडो पटींनी अधिक असते. तरीही ग्राही अल्डोस्टेरॉनचेच ऐकतो, कारण त्याच पेशीतले हे विकर आत शिरणाऱ्या कॉर्टिसॉलला लगेच निष्क्रिय करून टाकते. ज्या मुलांमध्ये जन्मतः हे विकर नसते, त्यांचा रक्तदाब लहान वयातच फार वाढतो, पोटॅशियम उतरते, आणि रक्तात अल्डोस्टेरॉन शोधावे तर ते जवळजवळ सापडत नाही.

हीच स्थिती ज्येष्ठमधाच्या अतिसेवनाने निरोगी माणसातही निर्माण होते. ज्येष्ठमधातील ग्लिसिऱ्हायझिनपासून शरीरात बनणारे ग्लिसिऱ्हेटिनिक आम्ल हे विकर अडवते. त्याच आम्लापासून तयार केलेले कार्बेनॉक्सोलोन एके काळी जठरातील व्रणावर दिले जात असे, आणि त्याचे रुग्णही सूज, चढलेला रक्तदाब आणि उतरलेले पोटॅशियम घेऊन येत. रक्तदाबाच्या गोळ्या घेऊनही ज्याचा रक्तदाब आटोक्यात येत नाही अशा माणसाला, विशेषतः त्याचे पोटॅशियम कमी असेल तर, ज्येष्ठमधाविषयी विचारलेच पाहिजे. ज्येष्ठमध वाईट आहे असे मी म्हणत नाही. ते एका निश्चित विकरावर काम करणारे द्रव्य आहे आणि म्हणून मात्रेचा विचार त्यालाही लागू आहे. ‘नैसर्गिक’ या शिफारशीने मूत्रपिंडातले विकर फसत नाही.

वारेतल्या याच विकराचा डॉक्टरांनी करून घेतलेला उपयोग फार सुंदर आहे. गर्भवतीला दमा किंवा संधिवातासाठी स्टेरॉइड लागले तर प्रेडनिसोलोन देतात, कारण वारेतील विकर त्याचा बराचसा भाग निष्क्रिय करते आणि गर्भापर्यंत फार थोडे पोहोचते. याउलट बाळ दिवस भरण्याआधी जन्मणार असे दिसले, तर त्याची फुप्फुसे लवकर तयार व्हावीत म्हणून औषध गर्भापर्यंतच पोहोचवायचे असते. तेव्हा फ्लोरिनचा अणू असलेली बीटामेथासोन किंवा डेक्सामेथासोन ही औषधे निवडतात, कारण त्यांच्यापुढे वारेतल्या विकराचे फारसे चालत नाही. या उपचाराचा पहिला मोठा पुरावा लिगिन्स व हॉवी यांनी १९७२ मध्ये दिला. आई तीच आणि वारही तीच असताना, औषध आईपुरते ठेवायचे की बाळापर्यंत न्यायचे, हे रेणूतल्या एवढ्याशा बदलाने ठरते. गर्भवतीला स्टेरॉइड चालते की नाही, असा सरसकट प्रश्न विचारणे त्यामुळेच निरर्थक ठरते.

यकृतातल्या पहिल्या प्रकारावरही अनेकांनी आशा ठेवली होती. प्रेडनिसोन आणि कॉर्टिसोन ही औषधे मुळात निष्क्रिय असून हे विकर त्यांना सक्रिय करते, म्हणून यकृत फार बिघडलेल्या रुग्णाला प्रेडनिसोनऐवजी थेट प्रेडनिसोलोन देणे डॉक्टर पसंत करतात. हे विकर अडवले तर यकृतातले आणि चरबीतले कॉर्टिसॉल घटून मधुमेह आटोक्यात येईल, असे उंदरांवरील प्रयोगांवरून वाटत होते. माणसांवरील चाचण्यांत साखर थोडीफार उतरली, पण इतर औषधांच्या तुलनेत उठून दिसावे असे काही हाती लागले नाही.

शेवटचा मुद्दा स्टेरॉइडे बनवणाऱ्या नव्हे, तर ती मोडणाऱ्या विकरांचा. यकृतातील आणि आतड्यातील सीवायपी-३ए४ हे त्यातले प्रमुख. दम्यासाठी श्वासावाटे घेतलेल्या ब्युडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोनचा गिळला गेलेला भाग यकृतात पहिल्याच फेरीत जवळजवळ पूर्ण मोडला जातो, म्हणून ही औषधे सुरक्षित. पण त्याच रुग्णाला एचआयव्हीसाठी रिटोनाविर सुरू झाले, तर ते या विकराला अडवते, फुप्फुसांतून आणि आतड्यांतून रक्तात आलेले स्टेरॉइड मोडायचे राहून जाते, आणि काही आठवड्यांत चेहरा सुजणे, वजन व साखर वाढणे अशी कुशिंगची लक्षणे दिसू शकतात. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन नेमके उलटे करते: ते या विकराचे प्रमाण वाढवते. गर्भनिरोधक गोळीत असणाऱ्या, १९३८ मध्ये तयार झालेल्या एथिनिल इस्ट्रॅडिऑलमध्ये १७ व्या कार्बनवर एक छोटा गट मुद्दाम अशासाठी बसवलेला आहे, की तिथे हल्ला करणाऱ्या विकराला तो रेणू सहज निष्क्रिय करता येऊ नये; ही गोळी तोंडाने घेता येते ती त्यामुळे. परंतु रिफाम्पिसिन चालू असताना वाढलेले सीवायपी-३ए४ त्या रेणूला दुसऱ्या बाजूने मोडते आणि गोळी निष्फळ ठरू शकते. रिफाम्पिसिन थांबवल्यावरही हा परिणाम काही आठवडे राहतो, आणि तेवढ्या काळात संततिनियमनाचा दुसरा उपाय लागतो.

तेव्हा आपल्याकडे मागणे एवढेच आहे की स्टेरॉइड संप्रेरकांशी संबंधित औषधाची बातमी देताना वार्ताहराने संबंधित तज्ज्ञाला हे औषध कोणते विकर अडवते आणि त्या विकराचे दुसरे काम कोणते, असे दोन प्रश्न अवश्य विचारावेत, आणि उत्तरे जशी मिळतील तशी, नावासकट, छापावीत. सीवायपी-१७ए१ किंवा ११-बीटा ही नावे वाचकाला जड जातील, ही शंका मला खरी वाटत नाही. कोलेस्टेरॉलचे दोन प्रकार, तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा आणि थायरॉइडची टीएसएच चाचणी ही सारी नावे याच वाचकाने वर्तमानपत्रांतून शिकून घेतली आहेत. शक्य झाल्यास अशा बातमीखाली दोन ओळींची एक चौकट असावी, ज्यात हे औषध सोबतच्या कोणत्या गोळीशिवाय घेऊ नये, कोणत्या तपासणीचा आकडा ते बदलते आणि कोणत्या औषधाबरोबर ते जमत नाही, एवढे दिलेले असेल. ॲबिराटेरोनच्या बातमीखाली अशी चौकट आली, तर तिची पहिली ओळ प्रेडनिसोलोनबद्दल असावी.

कळावे,

आपला विश्वासू,
जीवरसायनशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक